पूर्वपक्षाचं श्राद्ध

पितृपक्ष चालू आहे. घरोघरी खीर, वडे, अळूची भाजी, आणि गच्चीवर पान ठेवून आकाशाकडे लागलेले डोळे. सगळ्या पितरांची आठवण निघते. ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली असते. एवढी चोख व्यवस्था असूनही एका पूर्वजाच्या नावाने पान वाढलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. त्याचं नाव पूर्वपक्ष.

हे नाव ऐकल्यावर आमच्या गल्लीतल्या एका होतकरू कार्यकर्त्याने विचारलं, ‘नवीन निघाला का? चिन्ह काय मिळालंय?’ त्याची चूक नाही. त्याच्या डोळ्यांदेखत महाराष्ट्रात एकाचे दोन, दोनाचे चार पक्ष झाले. त्यात एखादा पूर्वेकडे तोंड करून निघाला असेल, असं त्याला वाटलं तर बिघडलं कुठे?

पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं. शास्त्रावर लिहायला बसलेला आपला जुना पंडित आधी स्वतःचं मत सांगतच नसे. आधी विरोधकाचं सांगायचा, आणि तेही पाहुण्याला वाढावं तसं, ताट भरून. विरोधकानेच वाचावं आणि म्हणावं, अरे, हे मला कसं सुचलं नाही! त्यानंतर खंडन, तो उत्तरपक्ष. मग सिद्धान्त. पूर्वपक्ष अशक्त मांडला तर सिद्धान्ताला पंडितसभेत कुणी विचारत नसे. पाप्याच्या पितराला लोळवून कुणी हिंदकेसरी होत नाही, हे त्यांना कळत होतं.

चार्वाकांचंच बघा. परलोक नाही, आत्मा नाही, इथे वाढलेलं जेवण मेलेल्याला पोचत नाही, असं सांगणारी मंडळी. त्यांचे मूळ ग्रंथ गेले. तरी ते काय म्हणत ते आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे, कारण चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला आणि त्यातलं पहिलं प्रकरण चार्वाकांना दिलं. माधवाचार्य अद्वैत वेदान्ती. चार्वाक त्यांना काडीचे पटत नव्हते. मांडताना थोडी कुचेष्टाही केली असेल, माणूसच तो. पण मांडले. स्वतःच्या पोथीत, स्वतःच्या शाईने.

आता उलटा हिशेब करू. तुमचं सगळं लिहिलेलं-बोललेलं जळून गेलं आणि उरलं फक्त विरोधकांनी तुमच्याविषयी लिहिलेलं. पाचशे वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला काय सापडेल? एकविसाव्या शतकात महाराष्ट्र देशी दोन जमाती राहत होत्या. एक अंधभक्त, दुसरी फुरोगामी. दोन्ही जमाती एकमेकींना विकल्या गेलेल्या समजत. मुख्य व्यवसाय, फॉरवर्ड करणे.

आमच्या सोसायटीत एक अण्णा होते. दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळी फिरून आल्यावर फाटकाजवळच्या बाकावर ते आणि मी बसायचो आणि भांडायचो. पंधरा वर्षं. माझी बायको म्हणायची, नवराबायकोंतही इतका नियमितपणा नसतो. अण्णा पंचांग पाहून केस कापणारे, एकादशी मोडली तर दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून बसणारे. मी देव मानत नाही, निदान मानत नाही असं बाकावर सांगायचो. राजकारणात तर आम्ही दोन ध्रुव. ओळीने चार निवडणुकांत आम्ही एकमेकांचं मत इमानेइतबारे कापलं. एका मतदानाच्या दिवशी नेमका दोघांनाही ताप. मी फोन केला, ‘अण्णा, दोघंही घरी बसू. हिशेब तोच राहतो.’ पलीकडून उत्तर आलं, ‘तुमच्यावर विश्वास नाही.’ शेवटी एकाच रिक्षाने गेलो. भाडं निम्मं निम्मं.

अण्णांकडे दोन वर्तमानपत्रं येत. एक पटणारं, एक न पटणारं. न पटणारं ते आधी वाचत. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘पटणारं कधीही वाचता येतं हो. हे सकाळी वाचलं की पोट साफ होतं.’

वादात अण्णा सभ्य होते असं मात्र समजू नका. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरल्याच्या बावीस खुणा दिल्या आहेत, निग्रहस्थानं म्हणतात त्यांना. त्यातल्या बारा-पंधरा तरी आम्ही दोघं मिळून एका सकाळी गाठायचो. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा घाम फुटला. कोणी तरी दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या बाकामागे लपून बसलं होतं, असंच वाटलं.

‘अर्थान्तर’ ही एक खूण. विषय सोडून भलतंच बोलायला लागणं. मी महागाई म्हटलं की अण्णा पानिपत काढत. ‘पुनरुक्त’, तेच ते पुन्हा. हे माझं. ‘अप्रतिभा’, उत्तरच न सुचणं. हे दोघांचंही, पण त्या वेळी आम्ही चपलेचा बंद बघायचो. ‘मतानुज्ञा’ तर डोळे उघडणारी. आपल्या बाजूवर दोष दाखवला गेला की त्याचं उत्तर न देता ‘तुमच्यातही तोच आहे’ असं म्हणायचं. गौतम म्हणतो, असं म्हणालात की तुम्ही हरलात, कारण तुमचा दोष तुम्हीच मान्य केलात. म्हणजे ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ हे आजच्या मराठी वादविवादाचं ब्रह्मास्त्र न्यायशास्त्राच्या लेखी पराभवाची पावती आहे. हा नियम उद्यापासून लागू केला तर आपले सर्व पक्षप्रवक्ते एका दुपारी बेरोजगार होतील.

आणि ‘विक्षेप’. काहीतरी काम निघालंय असं सांगून चर्चा अर्धवट सोडून उठणं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून गेल्या निवडणुकीत एक मावसभाऊ, एक आत्या आणि आत्याचे यजमान याच खुणेने बाहेर पडले. आत्याच्या यजमानांनी निदान जाताना गुलाबाचं फूल टाकलं.

पण सगळ्यांत मार्मिक खूण मला वाटते ती ‘अननुभाषण’. प्रतिपक्षाने आपलं म्हणणं तीनदा सांगितलंय, सभेला ते समजलंय, आणि तरीही तुम्हाला ते परत म्हणून दाखवता येत नाही. संपलं. तुम्ही हरलात. उत्तर देण्याआधीच हरलात. प्रयोग करून पाहा. ज्या माणसाचा तुम्हाला सर्वांत जास्त राग येतो त्याचं म्हणणं, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, तीन वाक्यांत सांगा. मी आरशासमोर करून पाहिला. दुसऱ्या वाक्यात शिवी आली.

न्यायशास्त्रवाले चर्चेचेही तीन प्रकार करत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच नसताना नुसतं दुसऱ्याचं पाडायला करतात ती वितंडा. मराठीने या तिघांपैकी कुणाचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. जल्प हा शब्द आपण टाकून दिला, कारण सगळंच जल्प झाल्यावर वेगळं नाव कशाला हवं? वितंडेला ‘वितंडवाद’ करून वादाच्या घरात घेतलं. आणि ‘वाद’ म्हणजे आता भांडण. ‘त्यांच्यात वाद झाले’ असं ऐकलं की आपण विचारतो, पोलिसांत गेले का?

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या शास्त्रार्थाची कथा प्रसिद्ध आहे. निवाडा द्यायला बसली होती मंडनमिश्रांची पत्नी, उभयभारती. प्रतिपक्षाची बायको पंच, आणि आचार्यांना त्यात वावगं वाटलं नाही. कथाच आहे, पण कथा रचणाऱ्याला ती रचाविशी वाटली हेही काही कमी नाही. आज आपण पंचाचं आडनाव विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. आडनाव कळलं की निकालही कळतो, मग चर्चेची गरज उरत नाही. तेवढाच वेळ वाचतो.

आता सोसायटीकडे येतो, कारण खरी लोकशाही तिथेच असते, बिनपगारी.

आमची इमारत जुनी. चोवीस बिऱ्हाडं. रिडेव्हलपमेंटचं वारं शिरलं आणि तेवीस घरांना स्वप्नात बाल्कनी दिसू लागली. सभेत अण्णांनी हाताने लिहिलेला फुलस्केप काढला. सतरा प्रश्न. नव्या इमारतीचं नाव तेच राहणार का? तुळशीवृंदावन कुठे जाणार? लिफ्टचं दार दक्षिणेला का? पार्किंगचे नंबर चिठ्ठ्या टाकून की वयाने? एकेका प्रश्नाला लोक कण्हत होते. मागून कुणीतरी ‘विघ्नसंतोषी’ म्हणालं. ते मी म्हणालो होतो.

सतरावा प्रश्न असा होता. बिल्डर अर्ध्यात थांबला तर आपलं भाडं कोण देणार? बँक गॅरंटी आहे का?

सतरा प्रश्नांतले सोळा निव्वळ वैताग होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण सतरावा ऐकायचा असेल तर आधीचे सोळा सोसावे लागतात, आणि कितवा प्रश्न सतरावा आहे हे कागदावर लिहिलेलं नसतं. अण्णांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तुळशीवृंदावनाचाच प्रश्न मोठा होता. त्यांना गप्प बसवायला म्हणून कमिटीने बँक गॅरंटीची अट घातली. त्या अटीवर एक बिल्डर पाय लावून पळाला. दुसरा म्हणाला, ‘काका, हे सगळं विश्वासावर चालतं,’ आणि मग तोही फिरकला नाही. तिसरा थांबला. त्या दुसऱ्याने मागच्या गल्लीत घेतलेल्या कामाचे खांब आज तिथे उभे आहेत, वर गंजलेल्या सळया, आणि तिथली बिऱ्हाडं भाड्याच्या घरांतून खिशातल्या पैशाने दिवस काढतायत. अण्णांनी हे आधीच ओळखलं होतं का? छे! ते सगळ्यांवरच संशय घेत. दूधवाल्यावरसुद्धा.

सभेच्या इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ अण्णांनी ते वाचलं आणि खाली लिहिलं, ‘सर्वांत मी नव्हतो.’ सही, तारीख.

सर्वानुमत हे आपलं जुनं दुखणं आहे. गावात निवडणूक बिनविरोध झाली की कौतुकाचे फलक लागतात. गावाचा एकोपा बघा म्हणून. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी. तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. जास्त बोली लावेल त्याची जागा, बाकीच्यांनी अर्ज भरायचे नाहीत. एकोपाच तो, फक्त पावतीसकट. विरोधाची किंमत आपल्या समाजाला कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो लिलाव आठवावा. विरोध मोडायला काय खर्च येतो ते तिथे रोख सांगितलं गेलं.

वरच्या मजल्यावरही फार वेगळं नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ जणांच्या आपल्या विधानसभेत विरोधी बाकांवरच्या सर्वांत मोठ्या पक्षाला वीस जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकदशांश हव्यात असा संकेत सांगतात, म्हणजे एकोणतीस. खुर्ची रिकामी राहिली. ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असं कुणी विचारण्याआधीच सांगतो, लोकसभेतही १९८० ते १९८९ आणि पुन्हा २०१४ ते २०२४ ही खुर्ची रिकामीच होती. दोन्ही वेळी राज्य करणारे वेगळे, खुर्चीवरची धूळ तीच. या पदाची गंमत अशी की त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. पगार, गाडी, बंगला सरकारी. म्हणजे सरकारला नाही म्हणायला सरकारी तिजोरीतून माणूस नेमलेला. ज्याने कुणी ही कल्पना काढली त्याच्या सोसायटीत नक्की एखादे अण्णा असणार.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सत्ताधाऱ्यांचं चहापान असतं आणि त्यावर विरोधकांचा बहिष्कार असतो. हे इतकं ठरलेलं आहे की चहावाला बहुधा निम्मंच दूध मागवत असेल. बाजू बदलतात, मग कालचे बहिष्कारवाले चहा ओततात आणि कालचे ओतणारे बहिष्कार घालतात. पुण्याने १८९० साली उलटा तमाशा पाहिला होता. पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी गेली, मिशनऱ्यांनी चहा दिला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. त्या काळी दुसऱ्या पंगतीचा चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त होतं. आता चुकून प्यायलात तर पक्षात खुलासा द्यावा लागतो. सव्वाशे वर्षांत आपण चहाची पत्ती तेवढी बदलली.

पुण्याचा विषय निघाला की टिळक-आगरकर येणारच. डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस आणि तिथे रात्र रात्र चाललेले दोघांचे वाद शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. जामिनाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. १८८२ च्या त्या कोल्हापूर प्रकरणाच्या, म्हणजे बदनामीच्या खटल्यात या दोघांसाठी दहा हजारांचा जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. तुरुंगाबाहेर स्वागताला होते नारायण मेघाजी लोखंडे, तेही सत्यशोधक. ‘केसरी’च्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांवर काय आसूड ओढले होते ते आठवलं म्हणजे या दहा हजारांचं वजन कळतं. उरवण्यांनी ‘आधी तुमचं ते मागे घ्या’ म्हटलं नाही. आणि जामीन दिला म्हणून पुढे दोन्ही बाजूंचं जुळलं, असंही नाही. पुढची कित्येक वर्षं ते एकमेकांशी मनसोक्त भांडले. हे आपल्याला फार अवघड जातं. आपल्याकडे एक तर भांडण असतं, नाही तर जामीन.

आगरकरांची तर पुण्याने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आज त्यांच्या नावाने रस्ते आहेत, शाळा आहेत. पुतळ्याशी वाद घालता येत नाही, म्हणून पुतळा सर्वांना पटतो.

डॉ. आंबेडकरांचंही आपण तेच केलं. फोटोला हार घालणाऱ्यांची रांग संपत नाही. त्यांच्या वाद घालण्याच्या रीतीकडे मात्र कुणी बघत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, घाबरले, बदल सुचवले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला. परिषद बारगळली, त्यांनी भाषण पदरच्या पैशाने छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. मग १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्या पुस्तकात गांधीजींची टीका समाविष्ट केली आणि पाठोपाठ स्वतःचं उत्तर. उत्तर असं की वाचणाऱ्याचे कान गरम व्हावेत. पण टीका तिथे आहे, वाचकाला दुसरीकडे शोधायला जावं लागत नाही. माधवाचार्य आणि बाबासाहेब यांचं बाकी कशावर एकमत झालं असतं कोण जाणे, पूर्वपक्ष स्वतःच्या पुस्तकात छापावा यावर झालं असतं.

राज्यघटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आमच्या अण्णांचे सतरा प्रश्न या आकड्यापुढे चिल्लर. नझिरुद्दीन अहमद नावाचे सदस्य तर मसुदा समितीला भरकटलेली समिती म्हणत, इंग्रजीत त्याची कोटी छान जमते, ड्राफ्टिंगऐवजी ड्रिफ्टिंग. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी या बंडखोरांची नावं घेऊन आभार मानले. कामत, आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू आणि आणखी काही. सगळेच पक्षशिस्तीने माना डोलवत बसले असते तर सभा अगदी रटाळ झाली असती, असं त्यांचं म्हणणं. यांच्या सूचना मी मान्य करू शकलो नाही, पण म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, हेही सांगितलं. मी हा भाग आमच्या सेक्रेटरींना वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘आभार मानू, पण इतिवृत्तात घ्यायला नको.’

एवढं सगळं लिहिल्यावर एक खुलासा करणं भाग आहे, नाहीतर तुमच्यातले अण्णा उठतील. सगळ्यांशीच वाद घालता येतो का? येत नाही. हातात दगड घेऊन आलेल्याला पूर्वपक्ष विचारायचा नसतो, बाजूला व्हायचं असतं. वादाला निदान एवढी अट लागते की संपल्यावर दोघंही चालत घरी जातील.

अण्णांचा दहावा ओंकारेश्वराला होता. जाताना आम्ही शिंदे पुलावरून गेलो. याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं गावोगाव फिरला, विरोधकांशी बोलत राहिला, मसुद्यात बदल करत राहिला. अण्णांना दाभोलकर पटत नसत. अगदी पटत नसत. त्या दिवशी मात्र ते बाकावर आले आणि काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पंधरा वर्षांतली तेवढी एक सकाळ. उठताना म्हणाले, ‘आता मी कुणाला उत्तर देऊ?’

पुलावरून खाली उतरलो. घाटावर पिंड मांडलेला होता. कावळा शिवण्यावरून आमचं एकदा कडाक्याचं झालं होतं. कावळ्यात आत्मा कसा येईल, तो भुकेला असेल तर येणार नाहीतर नाही, वगैरे मी बरंच विज्ञान पाजळलं. माझी अपेक्षा होती की अण्णा आता वड-पिंपळाच्या बिया, पर्यावरण, फॉरवर्डमधलं काहीतरी काढतील. काढलं नाही. म्हणाले, ‘विज्ञान-बिज्ञान काही नसेल हो त्यात. पण गेलेल्या माणसाशी मोठ्याने, चारचौघांत बोलायचं दुसरं निमित्त तुमच्याकडे असेल तर सांगा.’ माझ्याकडे नव्हतं. अप्रतिभा. मी चपलेचा बंद बघितला होता.

तर कावळा येईना. भिंतीवर दोन-तीन बसले होते, पण पिंडाकडे बघेनात. मुलाने हात जोडून सांगितलं, ‘आईला सांभाळू.’ नाही. सुनेने सांगितलं, ‘तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही.’ नाही. जावयाने कुलदैवताला जायचं कबूल केलं. नाही. नातू अकरावीला विज्ञान शाखा घ्यायला तयार झाला, त्याच्यानेही काही हललं नाही. गुरुजी दर्भाकडे बघायला लागले. मग कुणीतरी मला पुढे ढकललं. पंधरा वर्षं भांडलेला माणूस, काहीतरी राहिलं असेल बिचाऱ्यांचं.

देव न मानणारा मी, कावळ्यापुढे हात जोडून उभा राहिलो. घसा साफ केला. म्हटलं, ‘अण्णा, बँक गॅरंटीचं तुमचं बरोबर होतं.’

एक कावळा खाली उतरत होता, तो परत उडाला. थेट नारळावर.

मागून वहिनींचा आवाज आला. ‘अहो, असं काय बोलताय? त्यांना ओळख पटायची नाही. नेहमीसारखं बोला.’

मी पुन्हा घसा साफ केला. ‘अण्णा, पण पार्किंगच्या बाबतीत तुम्ही साफ चुकला होतात. चिठ्ठ्या टाकणंच योग्य. वयाने नंबर द्यायचे म्हटले तर दर दोन वर्षांनी नवे द्यावे लागतील, आणि तुळशीवृंदावनाचं म्हणाल तर...’

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पलीकडे पुढचे यजमान हातात पातेलं घेऊन ताटकळत उभे होते. मी त्यांना हातानेच खूण केली, जरा थांबा, अजून पहिलाच मुद्दा चाललाय.